परत आलेला मेल आणि आपण

गेल्या सेमिस्टरला आपल्या कॉलेजात आठवडाभर एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी होता – ब्लॅकलिस्ट! मेसमध्ये तेच, लायब्ररीच्या पायऱ्यांवर तेच, माधवनगरच्या बसस्टॉपवर सांगलीची गाडी बघत उभं राहिलं तरी तेच. कुणी म्हणे, कॉलेजच ब्लॅकलिस्ट झालं, आता प्लेसमेंटला कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. कुणी म्हणे, मुलांच्या होस्टेलवाल्यांनी सर्व्हर हॅक केला. एका फर्स्ट इयरच्या मुलीनं तर मला काळजीनं विचारलं, "ताई, आपली डिग्री चालेल ना?"

आता सगळं शांत झालंय. पण शांत झालं म्हणजे समजलं असं नाही. परवाच एक जण म्हणाला, "सरांनी ते ब्लॅकलिस्टवाल्यांना मेल टाकून नाव काढून घेतलं, मिटला विषय." विषय तसा मिटलेला नाही, आणि नुसतं नाव काढून तो मिटतही नसतो. म्हणून हा लेख. शिवाय या प्रकरणात माझा स्वतःचाही एक हिशोब बाकी आहे. तो पुढे येईलच.

आधी झालं काय ते सांगते. प्लेसमेंट सेलमधून फायनल इयरच्या मुलांचे रेझ्युमे कंपन्यांना मेलने जातात. ते आपल्या कॉलेजच्या स्वतःच्या मेल सर्व्हरवरून जातात. तीन दिवस मेल गेले, आणि चौथ्या दिवशी एका कंपनीतून फोन आला – "तुमच्याकडून काहीच आलेलं नाही." ऑफिसमधल्या काकांनी परत पाठवले. परत फोन, परत तेच. काकांनी मग एक चाचणी मेल स्वतःच्या जीमेलवर टाकला. तो पोचला! झालं, निष्कर्ष निघाला की आपलं सगळं ठीक आहे, गडबड कंपनीकडेच आहे.

पहिली चूक इथं झाली. एक मेल एका ठिकाणी पोचला म्हणजे सगळीकडे पोचतो असं नाही. प्रत्येक मेल सर्व्हर आपल्या दारात कुणाला घ्यायचं ते स्वतः ठरवतो. कुणी एका यादीवर विश्वास ठेवतो, कुणी दुसरीवर, आणि जीमेलसारखे मोठे लोक मुख्यतः स्वतःचाच हिशोब ठेवतात. म्हणून जीमेलला गेलं आणि कंपनीला गेलं नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

दुसरी चूक त्याहून मोठी. मेल का परत आला याचं कारण तीन दिवस काकांच्या इनबॉक्समध्येच येऊन पडत होतं. मेल नाकारला गेला की आपला सर्व्हर पाठवणाऱ्याला 'मेलर डीमन' या नावानं निरोप देतो. काकांनी ते सगळे निरोप न उघडता उडवले होते. वर मलाच म्हणाले, "अगं, डीमन म्हणजे राक्षसच की! राक्षसाच्या नावाचा मेल कोण उघडंल?" (काका, हे छापू का असं तुम्हाला विचारूनच छापतेय!)

मी प्लेसमेंट सेलची विद्यार्थी प्रतिनिधी, त्यामुळे मला बोलावणं आलं. "तू कॉन्व्हेंटची ना? वाच बघू काय लिहिलंय." मी वाचलं. इंग्रजीतला शब्द न् शब्द समजला, पण मतलब शून्य! शाळेत शिकलेलं इंग्रजी इथं काही कामाला आलं नाही. त्यात ५५० असा आकडा होता, आपल्या सर्व्हरचा आयपी पत्ता होता आणि स्पॅमहाउस हे नाव होतं. नंतर नेटवर्क लॅबच्या सरांनी समजावलं तेव्हा कळलं की रोगाचं नाव, रोग्याचं नाव आणि डॉक्टरचा पत्ता हे तिन्ही त्या एका ओळीतच होतं. पाचपासून सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार. चारपासून सुरू होणारा म्हणजे आत्ता नको, थोड्या वेळानं या. पाचशेचा नकार आल्यावर तोच मेल दहादा पाठवणं म्हणजे बंद दारावर डोकं आपटणं. आपण तेच करत होतो.

इथं थोडं मागे जाऊ, म्हणजे या याद्या आल्या कुठून ते कळेल.

मेल पोचवायचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधनसंस्था होत्या, बहुतेक सगळे एकमेकांच्या ओळखीचे. त्यामुळे नियमांत विश्वास गृहीत धरलेला होता. 'मी अमुक' असं म्हटलं की समोरच्यानं मानायचं, ओळखपत्र कुणी मागायचं नाही. खरं तर धोक्याची घंटा त्याआधीच वाजली होती. १९७८ च्या मे महिन्यात डीईसी या कॉम्प्युटर कंपनीतल्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे चारशे लोकांना एकाच वेळी जाहिरात पाठवली. तो पहिला स्पॅम मानतात. पुढे इंटरनेट सामान्य माणसाकडे आलं (आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं ते सुरू केलं) आणि जाहिरातींचा पूर आला. मेल पाठवायला पैसा लागत नाही. लाखातून एक गिऱ्हाईक सापडलं तरी पाठवणाऱ्याचं भागतं, आणि बाकीच्यांनी कचरा उपसत बसायचं.

मग १९९७ साली पॉल व्हिक्सी यांच्या पुढाकारानं पहिली काळी यादी निघाली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडनमध्ये स्पॅमहाउस सुरू केलं. यादीची युक्ती मोठी साधी आहे. डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी, हे आपण सगळे थर्ड इयरला घोकतो. तीच डिरेक्टरी यादी म्हणून वापरायची. समजा मेल पाठवणाऱ्याचा पत्ता २०३.०.११३.२५ आहे. घेणारा सर्व्हर तो उलटा करतो, २५.११३.०.२०३, त्याच्यापुढे यादीचं नाव लावतो आणि डिरेक्टरीला विचारतो, असं नाव आहे का? 'नाही' असं उत्तर आलं तर पत्ता स्वच्छ. १२७.०.० ने सुरू होणारा आकडा आला तर पत्ता यादीत आहे. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

आणि शेवटचा आकडा पाहिला की कशासाठी यादीत आहे तेही कळतं. स्पॅमहाउसच्या एकत्रित यादीत २ आला तर हा पत्ता जाणूनबुजून स्पॅम पाठवणाऱ्यांशी जोडलेला आहे असा त्यांचा आरोप. ४ आला तर या पत्त्यामागचं एखादं मशीन व्हायरसनं ताब्यात घेतलंय. १० किंवा ११ आला तर तो आरोपच नाही! त्याचा अर्थ एवढाच, की हा पत्ता घरगुती कनेक्शनसारखा आहे आणि इथून थेट मेल येणं अपेक्षित नाही. त्याचं औषधही सोपं. आपल्या मेल सेवेत लॉगिन करून ५८७ नंबरच्या पोर्टमधून मेल पाठवायचा. तिन्ही गोष्टींना लोक सरसकट 'ब्लॅकलिस्ट झालो' म्हणतात, पण तिन्हींचं औषध वेगळं. ताप आला म्हणून मलेरियाची गोळी टायफॉइडला देऊन चालत नाही.

आपला आकडा होता ४.

आता आपलं काय झालं ते बघा. पहिल्या दिवशी घाईत स्पॅमहाउसच्या साइटवर जाऊन नाव काढण्याचा फॉर्म भरला गेला. नाव निघालं. ऑफिसात चहा झाला. संध्याकाळी नाव परत यादीत! मग कुणीतरी म्हणालं, हे होस्टेलच्या पोरांचंच काम. रात्री जागतं कोण? पोरं. पिक्चर डाउनलोड करतं कोण? पोरं. झालं, मुलांच्या होस्टेलचं नेट बंद.

पुरावाही सापडला बरं का! यादीच्या साइटवर शेवटचा स्पॅम कधी पकडला त्याची वेळ दिलेली होती – २० वाजून ४० मिनिटं. म्हणजे रात्री पावणेनऊच्या सुमारास. फायरवॉलच्या लॉगमध्ये त्या वेळी पाहिलं, तर मुलांच्या होस्टेलमधून तुफान ट्रॅफिक. आणखी काय पाहिजे?

त्या रात्री क्रिकेटची मॅच होती, एवढंच. पण ऐकतो कोण!

चार दिवस त्यांचं नेट बंद राहिलं. कुणी म्हणेल मोबाइल आहे की. पण मोबाइलच्या डेटावर एनपीटीईएलची लेक्चर्स रोज बघणं सगळ्यांना परवडतं असं नाही, आणि प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर कॉलेजच्या नेटवर्कवरच चालतं. आमच्या एका सीनियरची गोष्ट तर मला अजून टोचते. घरी दोन यंत्रमाग, घरातला पहिलाच पोरगा इंजिनियर होणारा. त्याचा रेझ्युमे ज्या कंपनीला जायचा होता, तिची मुदत त्याच तीन दिवसांत संपली. सेलनं नंतर फोन करून सांगितलं, पण कंपनीनं उशिराचा अर्ज घेतला नाही. आणि हाच सीनियर मुलांच्या होस्टेलमध्ये राहतो. म्हणजे मेल ज्याचा अडकला, नेटही त्याचंच तोडलं, आणि वर हॅकर म्हणून टोमणे त्यानंच खाल्ले.

तिसऱ्या दिवशी नेटवर्क लॅबच्या सरांनी आम्हा चौघांना बसवलं आणि म्हणाले, "अंदाज नको. यादी काय म्हणते ते नीट वाचा." तेव्हा लक्षात आलं की यादीतली वेळ आपली नव्हतीच! ती जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी होती. आपलं घड्याळ तिच्यापुढं साडेपाच तास. २० वाजून ४० मिनिटांत साडेपाच तास मिळवा. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं!

मग त्या वेळेचा लॉग काढला. कॉलेजमधली सगळी मशीन्स बाहेर जाताना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यानं जातात. ऑफिस, लॅब, दोन्ही होस्टेल आणि मेल सर्व्हरसुद्धा. एका वाड्याला एकच दरवाजा असावा तसं. बाहेरच्याला आतली खोली दिसत नाही, फक्त दरवाजा दिसतो. पण फायरवॉलला खोली दिसते. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी एक मशीन २५ नंबरच्या पोर्टवर जगभरच्या मेल सर्व्हरना शेकड्यांनी कनेक्शन मारत होतं. साध्या लॅपटॉपला पोर्ट २५ शी काही देणंघेणं नसतं. तो सर्व्हरनं सर्व्हरशी बोलायचा रस्ता आहे. म्हणजे चोर सापडला.

खोली मुलांच्या होस्टेलची नव्हती. आमच्या, मुलींच्या होस्टेलची होती. आमच्या विंगमधली.

आणि आता माझा हिशोब. त्या लॅपटॉपमध्ये ड्रॉइंगचं महागडं सॉफ्टवेअर क्रॅक करून मीच टाकून दिलं होतं. आमच्या विंगमध्ये कुणाला काही इन्स्टॉल करायचं असलं की पेनड्राइव्ह घेऊन मीच जाते आणि त्याचा मला अभिमानही होता. 'इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा' असं त्या क्रॅकसोबत स्वच्छ लिहिलेलं होतं. मी बंद केला. घराला कुलूप लावू नका असं चोरानंच सांगावं आणि आपण ऐकावं, यापेक्षा मूर्खपणा काय असतो? मैत्रीण रात्री डाउनलोड लावून लॅपटॉप चालू ठेवून झोपायची, आणि त्या वेळी तो कुणा अनोळखी माणसासाठी स्पॅम पाठवत बसायचा.

लॉगमध्ये खोली दिसली तेव्हाच मला कळलं होतं. पण मी बोलले दुसऱ्या दिवशी. रेक्टर मॅडम काय म्हणतील, घरी कळवतील का, याचाच विचार रात्रभर केला. म्हणजे मुलांच्या होस्टेलच्या त्या चार दिवसांपैकी शेवटचा एक दिवस निव्वळ माझ्या गप्प बसण्यामुळं गेला. मी त्यांच्या रेक्टर सरांना भेटून सॉरी म्हटलंय. पण ते तोंडी होतं, इथं लेखी म्हणते.

असो. सांगायचा मुद्दा हा, की या सगळ्यात जास्त शहाणी कोण ठरली? ती यादी! तिनं पत्ता सांगितला, कारण सांगितलं, वेळ सांगितली, आणि दुरुस्ती करून नाव काढून घ्यायचा रस्ताही दिला. लॅपटॉप पुसून नव्यानं विंडोज टाकलं, पासवर्ड बदलले, पोर्ट बंद केलं, मग फॉर्म भरला. नाव निघालं ते निघालंच. आणि आपण माणसांनी जी यादी केली, 'मुलांच्या होस्टेलवाले', तिला पुरावा नव्हता, अपील नव्हतं आणि मुदतही नव्हती. अजूनही काही स्टाफच्या मनात ती तशीच आहे. लॅबमध्ये एखादा माउस गेला तरी पहिली नजर तिकडंच जाते. काळ्या यादीच्या नावानं बोटं मोडण्याआधी आपण आपल्या मनातल्या याद्या तपासल्या तर?

याचा अर्थ सगळ्या ब्लॅकलिस्ट धुतल्या तांदळासारख्या आहेत असं मी म्हणत नाही. या याद्या खासगी आहेत. त्यांना कुणी निवडून दिलेलं नाही. काही याद्या शेजाऱ्यालाही शिक्षा करतात. युसीईप्रोटेक्ट नावाच्या यादीचा तिसरा स्तर तर अख्ख्या इंटरनेट कंपनीचे पत्तेच यादीत घालतो, आणि नाव लवकर काढायला पैसे घेतो. हे मला पटत नाही. दंड भरून सुटण्यात दुरुस्ती कुठं आली? (स्पॅमहाउस नाव काढायला पैसे घेत नाही, हेही सांगायला हवं.) कोर्टकचेऱ्याही झाल्या. यादीत नाव आल्यामुळं नुकसान झालं म्हणून ई३६० नावाच्या अमेरिकन कंपनीनं स्पॅमहाउसवर केस केली. २००६ साली कोर्टानं १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. पण तो निकाल स्पॅमहाउस हजर न राहिल्यामुळं लागलेला होता. नुकसान सिद्ध करायची वेळ आली तेव्हा रक्कम घसरत गेली, आणि २०११ साली अपिलात उरले फक्त ३ डॉलर!

मग सरकारनंच हे का करू नये, असं आमच्यातल्या एकानं विचारलं. चांगला प्रश्न आहे. आपल्याकडे फोन आणि एसएमएसच्या जाहिरातींसाठी ट्रायचे नियम आहेत, पण ई-मेलच्या स्पॅमसाठी खास कायदा नाही. आयटी कायद्याच्या ६६अ कलमात त्रासदायक आणि फसव्या मेलचा उल्लेख होता, पण ते कलमच सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये रद्द केलं, आणि ते योग्यच केलं, कारण त्यात माणसाचं बोलणंच गुन्हा ठरत होतं. त्यामुळं दारावरचा रखवालदार म्हणून आज तरी या याद्याच आहेत. रखवालदार कडक आहे म्हणून त्याच्याशी भांडावं, पण आपल्या घरातनं चोर बाहेर पडतोय हे आधी बघावं.

हे आपल्या भागाला नवीन नाही. आपल्या माधवनगरवरून जाणाऱ्या तासगाव रोडनं थोडं पुढं गेलं की द्राक्षबागा लागतात. २०१० साली भारतातून युरोपला गेलेली द्राक्षं तिथं अडकली होती. क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला शेतकरी सीसीसी म्हणतात, त्या वाढनियंत्रकाचे अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले होते. त्यात महाराष्ट्रातल्या बागायतदारांचं मोठं नुकसान झालं. ज्यांनी सगळं नियमानं केलं होतं तेही भरडले गेले, कारण बाहेरच्याला अमक्याची बाग दिसत नाही, 'भारतातलं द्राक्ष' एवढंच दिसतं. आपल्या एका आयपी पत्त्यासारखंच की हे! पण त्यावर उपाय काय झाला? नुसत्या विनंत्या करून भागलं नाही. निर्यातीच्या बागांची नोंदणी, माल जाण्याआधी अंश तपासणी आणि कुठली पेटी कुठल्या बागेतली याचा माग, ही अपेडाची ग्रेपनेट व्यवस्था २००६ पासून होतीच. तिच्यातल्या तपासणीत या रसायनाकडे लक्ष दिलं गेलं. म्हणजे दुरुस्ती बागेत झाली. युरोपच्या बंदरात नाही.

आपली बाग म्हणजे आपलं नेटवर्क. म्हणून माझं म्हणणं तीन मुद्द्यांत मांडते. एक कॉलेजसाठी, एक ऑफिससाठी, एक आपल्यासाठी.

कॉलेजला विनंती अशी, की मेल सर्व्हरचा सार्वजनिक पत्ता होस्टेलच्या पत्त्यापासून वेगळा करा, आणि मेल सर्व्हर सोडून इतर कुठल्याही मशीनला पोर्ट २५ वरून बाहेर जाऊ देऊ नका. याला फायरवॉलमध्ये एक नियम लागतो, नवीन खरेदी लागत नाही. हा नियम आधीपासून असता तर माझ्या मैत्रिणीचा लॅपटॉप खराब झाला असता, पण सीनियरचा रेझ्युमे अडकला नसता. सोबत आपल्या डोमेनची एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही कागदपत्रंही पूर्ण करावीत. कुठला सर्व्हर आपल्या नावानं मेल पाठवू शकतो, मेलवर आपली सही आहे का, आणि दोन्ही जुळलं नाही तर घेणाऱ्यानं काय करावं, हे त्यातून कळतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं या बाबतीत नियम कडक केलेत. पाठवणाऱ्यानं ओळख पटवलीच पाहिजे, आणि रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्याला तर तिन्ही लागतात. आपण एवढे पाठवत नाही, पण आज ना उद्या हे सगळ्यांनाच लागणार. १९८२ चा भाबडा विश्वास आता उरला नाही. आणि होस्टेलचं नेट तोडणं हा उपाय नाही. लॉग वाचणं हा उपाय आहे, आणि वाचताना साडेपाच तास मिळवायला विसरू नका!

ऑफिसला विनंती, की परत आलेला मेल उडवू नका. तो राक्षस नाही, पोस्टमन आहे. पत्ता सापडला नाही, दार बंद होतं, असं सांगायला आलेला. ती एक ओळ नेटवर्क लॅबला पाठवली असती तर पहिल्याच दिवशी काम झालं असतं. आणि प्लेसमेंटसारखा महत्त्वाचा मेल असेल तर पाठवून झाल्यावर एक फोन करून 'मिळाला का' विचारायला काय हरकत आहे?

आणि आपल्यासाठी. मित्र-मैत्रिणींनो, क्रॅक फुकट नसतो. त्याची किंमत दुसराच कुणीतरी भरतो, एवढंच. स्टुडंट लायसन्स बऱ्याच सॉफ्टवेअरना मिळतं, नाहीतर ओपन सोर्स आहे, नाहीतर आपली लॅब आहे. मी माझा तो पेनड्राइव्ह फॉरमॅट केला. आता विंगमध्ये कुणी बोलावलं तर जाते, पण लायसन्स घेऊन द्यायला. सुरुवातीला मैत्रिणी हसल्या. आता हसत नाहीत, कारण लॅपटॉप पूर्वीपेक्षा बरे चालतात!

एक गोष्ट मात्र मला दुरुस्त करता आली नाही. यादीतून कॉलेजचं नाव निघालं, मुलांचं नेट सुरू झालं, लॅपटॉप नवा झाला. सीनियरची ती संधी परत आली नाही. त्याला पुढे दुसरीकडे नोकरी लागली, पेढेही मिळाले. पेढा देताना तो फक्त एवढंच म्हणाला, "आता माझा जॉइनिंगचा मेल तरी पोचला का बघ गं." तो हसला, मीही हसले. पण ते मला लागलं, आणि लागायलाच पाहिजे होतं.

तेव्हा पुढच्या वेळी मेल परत आला, तर यादीला शिव्या देण्याआधी तो उघडा आणि शेवटपर्यंत वाचा. आणि कुणाचं तरी नाव मनातल्या यादीत टाकण्याआधी घड्याळ आपलं आहे की दुसऱ्याचं, तेवढं बघून घ्या. पटतंय का बघा!